रॅम ८ची, हातात ५.९: आधी वजाबाकी करा, मग दुकानात जा

८ जीबी रॅम बसवली आणि संगणक त्यातली ५.९ जीबीच वापरायला देतोय, तर दुकानदाराने फसवलं असण्याची शक्यता फार कमी. बेळगावात आणि खानापूर-निपाणीकडे मशीन दुरुस्त करत फिरताना ही तक्रार सारखी कानावर येते: "आठ घातलंय म्हणून पैसे घेतलेत की हो, मग हे सहाच का दाखवतंय?" तोवर त्यांनी व्हिडिओ बघून कुठल्या तरी सेटिंगला हात लावलेला असतो, विंडोज पुन्हा टाकून झालेलं असतं, एखाद्याने तर रॅमची आणखी एक स्टिकही आणलेली असते. यातल्या कशाचीच घाई नव्हती. नेमकी किती रॅम कमी पडते ते आधी बघायचं. चोर कोण हे बहुतेक वेळा तो आकडाच सांगतो.

१. दोन आकडे कागदावर लिहा

सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट. तिथे 'इन्स्टॉल्ड रॅम'पुढे एक आकडा असतो आणि त्याच्या शेजारी 'युजेबल' म्हणून दुसरा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. खालच्या बाजूला 'हार्डवेअर रिझर्व्हड' दिसेल. वजाबाकीचं उत्तर तिथे आयतंच मिळतं.

पहिलाच आकडा कमी असेल, म्हणजे ४-४च्या दोन स्टिक असून इन्स्टॉल्डच ४ दिसत असेल, तर बायोसलाच, म्हणजे विंडोजच्या आधी चालून मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमलाच, एक स्टिक दिसत नाही. सरळ पाचव्या पायरीवर जा. पहिला आकडा बरोबर आणि युजेबल कमी असेल, तर स्टिक दिसते आहे, पण तिचा काही भाग विंडोजच्या हाती पडत नाही. मग क्रमाने पुढे चला.

१००-२०० एमबीचा फरक असेल तर हा लेख बंद करा आणि कामाला लागा. तेवढी रॅम प्रत्येक मशीन स्वतःसाठी ठेवून घेतं. आणि "कंपनी १००० ने मोजते, विंडोज १०२४ ने" हे रॅमच्या बाबतीत कुणी सांगितलं तर ऐकू नका. ते डिस्कचं गणित. ५१२ जीबीची एसएसडी ४७६ दिसते ती त्यामुळे. रॅम दोन्हीकडे १०२४ नेच मोजतात.

२. 'मॅक्सिमम मेमरी'ची टिक काढा

या टिकेने लोकांचा जितका वेळ खाल्ला, तितका बिघडलेल्या रॅमनेही खाल्ला नसेल. विंडोजची कळ आणि आर दाबून एमएसकॉन्फिग (msconfig) चालवा, बूट टॅबमध्ये 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा. तिथे 'मॅक्सिमम मेमरी' असा चौकोन आहे. व्हिडिओवाले छातीठोकपणे सांगतात, टिक करा, ८१९२ (म्हणजे ८ जीबीचे एमबी) लिहा, रॅम पूर्ण मिळेल. मिळत नाही. ही सोय रॅम कमी करून प्रोग्रॅम तपासणाऱ्यांसाठी आहे. तिथे लिहिलेला आकडा म्हणजे वरची मर्यादा, आणि मर्यादेने रॅम वाढलेली मी तरी पाहिली नाही.

उलट ८ जीबीच्या मशीनवर बरोबर ८१९२ लिहिलं तरी रॅम घटू शकते. विंडोज इथे रॅम किती हे मोजत नाही, रॅमचा पत्ता (रॅममधल्या प्रत्येक जागेचा नंबर) बघतं आणि त्या पत्त्याच्या वरचं सगळं सोडून देतं. आता पहिल्या ४ जीबीतले काही पत्ते ग्राफिक्स, नेटवर्क वगैरे उपकरणांना गेलेले असतात. तिथली रॅम उचलून वरच्या पत्त्यांवर नेलेली असते, म्हणजे ८१९२च्याही पुढे. तुम्ही ८१९२ला कात्री लावली की नेमका तोच तुकडा कापला जातो. टिक असेल तर काढा, रीस्टार्ट करा. नसेल तर हात न लावता बाहेर या.

३. विंडोज ३२ बिटचं आहे का?

४ जीबी किंवा त्याहून जास्त रॅम आहे आणि युजेबल सव्वातीन-साडेतीनवर अडकलंय, तर नव्वद टक्के हेच. त्याच अबाउटच्या पानावर 'सिस्टम टाइप' वाचा. ३२ बिटला एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मिळतात, म्हणजे बरोबर ४ जीबी, आणि त्यातलेच काही उपकरणांना द्यावे लागतात. गल्लीत घर नंबर १ ते १०० एवढेच असतील आणि देऊळ, तालीम, पाण्याची टाकी यांनाही त्यातलेच नंबर दिले, तर शेवटच्या काही घरांना नंबर उरत नाहीत. घरं उभी असतात, पण पोस्टमन तिथे पोचत नाही.

उपाय एकच, ६४ बिट विंडोज नव्याने टाकणं. ३२ बिटवरून वरच्यावर अपग्रेड होत नाही, सी ड्राइव्ह पुसावाच लागतो. ही मर्यादा उठवणारे 'पॅच' नेटवर मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका, विंडोजच्या गाभ्यालाच ते हात घालतात.

निपाणी-चिकोडीकडच्या छापखान्यांना मात्र एक सांगतो. लग्नपत्रिका मराठीत श्रीलिपीवर आणि कन्नडमध्ये नुडीवर करणारी तुमची जुनी मशीनं सहसा याच जातीची. ६४ बिट विंडोज ३२ बिटचे ड्रायव्हर चालवत नाही. प्रिंटर, स्कॅनर आणि सॉफ्टवेअरचा डोंगल (ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही ती यूएसबी कळ), तिन्हीचे ६४ बिट ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरवून झाल्याशिवाय फॉरमॅटचं नाव काढू नका. लग्नसराईत तर नकोच. आणि मदरबोर्ड बघा: त्यावरची मुख्य चिप (चिपसेट) जी३१ असेल तर तो ४ जीबीच्या वर जातच नाही, जी४१ फार तर ८ पर्यंत. काही जुन्या बोर्डांवर बायोसमध्ये 'मेमरी रिमॅप' (रॅम उचलून वरच्या पत्त्यांवर नेण्याची सोय) असतं, ते बंद राहिलं तर ६४ बिटवरही तेच रडगाणं. चालू करा.

४. ग्राफिक्सने घेतली का?

हार्डवेअर रिझर्व्हड २ जीबीच्या आसपास आणि प्रोसेसर एएमडीचा रायझन, म्हणजे उत्तर मिळालं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की प्रोसेसरमधलं ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच आपला वाटा घेतं. तो वाटा मशीन सुरू होतानाच बाजूला निघतो, विंडोजच्या हाती येतच नाही. बायोसमध्ये 'यूएमए फ्रेम बफर साइज' शोधा. टॅली, उतारे, ऑनलाइन अर्ज एवढंच काम असेल तर ५१२ एमबी ठेवा, दीड जीबी परत मिळेल. पोरं गेम खेळत असतील तर २ जीबीच राहू दे. बऱ्याच लॅपटॉपांत हा पर्याय दिसतच नाही. तिथे दुसऱ्याने बदललेला बायोस नेटवरून उतरवून घालणं म्हणजे दीड जीबीसाठी आख्खा लॅपटॉप पणाला लावणं.

इंटेलचं ग्राफिक्स सुरुवातीला थोडीच घेतं, बाकी लागेल तशी. टास्क मॅनेजरमध्ये 'शेअर्ड जीपीयू मेमरी' म्हणून निम्मी रॅम लिहिलेली बघून घाबरू नका. ती गेलेली नाही. गरज पडली तर तिथपर्यंत घेता येईल, एवढाच त्याचा अर्थ.

५. बरोबर निम्मी गायब

१६ पैकी ७.९ युजेबल, किंवा ८ पैकी ३.९. खरी परीक्षा इथे. याच पायरीवर मी पूर्वी तासन्‌तास अडकायचो, आणि याच पायरीवर दुकानं 'बोर्ड गेला' म्हणून मोकळी होतात. बोर्ड गेलेला असतोच असं नाही.

आधी मशीन खरोखर बंद करा. शिफ्ट दाबून धरून शटडाउन म्हणा, वायर काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा. लॅपटॉप असेल तर बॅटरीही सोडवा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत जा.

दोन्ही स्टिक बाहेर काढा आणि सोनेरी दात उजेडात धरून बघा. जांबोटी-कणकुंबीकडच्या मशीनची रॅम पावसाळ्यानंतर काढली, की दातांवर काळपट पापुद्रा हमखास दिसतो. त्या पावसात भिंतीलाही बुरशी येते, तिथे रॅमचं काय! पांढऱ्या खोडरबराने दोन्ही बाजू हलक्या हाताने घासा, भुगा ब्रशने झाडा. सॅन्डपेपर नको, सोन्याचा थर जातो. पेट्रोल नको. आणि स्लॉटमध्ये (रॅम बसते त्या खाचेत) तोंडाने फुंकर मारणं आजपासून बंद: वाफ आत जाते, ज्या ओलाव्याने बिघडलं तोच ओलावा पुन्हा आपणच घालतो. कोरडा मऊ ब्रश पुरे. झुरळाची अंडी, पालीची घाण असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि पूर्ण सुकू द्या.

आता एकच स्टिक बसवा. बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा घ्या. दोन्ही टोकांना समान दाब द्या. स्लॉटच्या टोकांच्या पट्ट्या टक्क करून मिटल्या पाहिजेत. काही बोर्डांना एकाच बाजूला हलती पट्टी असते, आणि दुसरी बाजू अर्धवट वर राहिलेली डोळ्यांना कळत नाही. बोट फिरवून बघा. मशीन चालू करा, आकडा लिहा. मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी स्टिक. मग स्लॉट बदलून पुन्हा दोन्ही, एकेक करून. प्रत्येक वेळी वायर काढूनच. कंटाळवाणं आहे, मान्य. पण यातला एकही प्रयोग गाळलात तर पुढचा निष्कर्ष हवेत.

एक स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये चालत नसेल तर ती स्टिक गेली. दोन्ही चांगल्या आहेत आणि एकच स्लॉट रुसलाय, तर कूलरकडे (प्रोसेसरवर बसवलेल्या पंख्याकडे) बघा. पूर्वी रॅम सांभाळणारा कंट्रोलर बोर्डावरच्या चिपमध्ये असायचा. एएमडीने तो २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये प्रोसेसरमध्ये नेला. त्यामुळे प्रोसेसर आणि सॉकेट यांच्यातला एखादा संपर्क सुटला की रॅमचा एक आख्खा चॅनेल (प्रोसेसर आणि रॅममधली वाट) जातो, आणि बाकी मशीन ठणठणीत चालत राहतं. म्हणूनच हा दोष लवकर सापडत नाही.

कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले असतील तर एवढंही पुरतं. चारही सैल करा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांना थोडं थोडं फिरवत पुन्हा आवळा. तरी होत नसेल तर कूलर काढून प्रोसेसर उचला. इंटेलच्या सॉकेटमध्ये पिना असतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून रांगा बघा. सगळ्या पिना एकसारख्या चमकतात, वाकलेली एक वेगळीच चमकते. तिला सरळ करायला भिंगाखाली काम करणारा माणूस गाठा. घरातल्या टाचणीने एकाच्या तीन होतात. बसवताना जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत नेणारा लेप) पुसून नवी लावायची. ती आधी आणून ठेवा, नाहीतर उघडं मशीन टेबलावर टाकून पेस्टसाठी बाजार हिंडत बसाल.

६. चाचणी

दोन्ही स्टिक बसवून पूर्ण आकडा दिसला की विंडोजची कळ आणि आर दाबून एमडीशेड (mdsched), म्हणजे विंडोजचीच रॅम-चाचणी, चालवा, 'रीस्टार्ट नाऊ' निवडा. ८ जीबीला बराच वेळ लागतो आणि मध्ये हेस्कॉमची लाइट गेली तर सगळं पहिल्यापासून, म्हणून यूपीएस नसेल तर रात्री उशिरा लावा. एक जरी चूक निघाली तरी आकडा पूर्ण दिसतोय म्हणून समाधान मानू नका. कुठल्या स्टिकची चूक हे एकेकटी बसवून पुन्हा तपासा, आणि वॉरंटी असेल तर ती स्टिक बिलासकट दुकानात द्या.