नेटवर्क कॅमेरे बसवताना या चुका टाळा

कोथरूडमधील आमच्या सोसायटीने जुने ॲनालॉग कॅमेरे काढून 8 नेटवर्क कॅमेरे बसवले, तेव्हा पार्किंगमधील दोन कॅमेरे रोज दिवेलागणीला बंद पडत आणि उजाडल्यावर आपोआप सुरू होत. ते बदलून घेतले, तरी तक्रार तशीच राहिली.

दोष कॅमेऱ्यांत नव्हता. अंधार पडताच त्यांतील इन्फ्रारेड दिवे लागतात आणि विजेची गरज वाढते. ॲनालॉग पद्धतीत चित्रासाठी कोॲक्सियल केबल आणि विजेसाठी वेगळी तार लागत असे. नेटवर्क पद्धतीत पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) स्विच, म्हणजे सर्व कॅमेऱ्यांच्या केबल जिथे जोडतात ते उपकरण, दोन्ही कामे एकाच केबलवर करतो, हा तिचा मोठा फायदा. मात्र स्विचच्या एका पोर्टची (केबल जोडण्याच्या खाचेची) क्षमता 15.4 वॅट असली, तरी सर्व पोर्टना एकाच वेळी तेवढी वीज पुरवण्याची ताकद स्विचमध्ये असेलच असे नाही. त्यामुळे खरेदीपूर्वी प्रत्येक कॅमेऱ्याच्या रात्रीच्या वॅटची बेरीज करावी.

आमचा स्विच पुरेसा होता. चूक केबलची निघाली. तारेचे टोक ब्लेडने खरवडले, तेव्हा तांबूस थराखाली पांढरट ॲल्युमिनियम दिसले. अशी मुलामा दिलेली केबल स्वस्त पडते, पण लांब अंतरावर तिच्यात व्होल्टेज घटतो. पूर्ण तांब्याचीच केबल घ्यावी आणि स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंतचे अंतर 100 मीटरच्या आत ठेवावे. कोॲक्सियल त्याहून लांब जात असे, म्हणून जुन्याच मार्गाने केबल ओढताना ही मर्यादा हमखास विसरली जाते.

दुसरी चूक साठवणुकीची. जुन्या ॲनालॉग कॅमेऱ्याचे चित्र साधारण 704 × 576 बिंदूंचे असे, तर 4 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्याच्या सुमारे दसपट बिंदू असतात. गाडीचा क्रमांक वाचता येतो तो त्यामुळेच. पण सेकंदाला 4 मेगाबिट या वेगाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे 43 जीबी चित्रण करतो. अशा 8 कॅमेऱ्यांना 4 टीबीची डिस्क साडेअकरा दिवसच पुरते. डीव्हीआरची (ॲनालॉग कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची) जुनी डिस्क एनव्हीआरमध्ये (नेटवर्क कॅमेऱ्यांच्या तशाच यंत्रात) घालून महिनाभराच्या फूटेजची अपेक्षा धरणे, ही आपलीच फसवणूक आहे.

मूळ पासवर्ड न बदलणे ही मला सर्वांत गंभीर चूक वाटते. 2016 मध्ये मिराई या मालवेअरने असेच पासवर्ड वापरून जगभरचे असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. पासवर्ड बदलावा, फर्मवेअर (उपकरणातील अंगभूत सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवावे आणि घरबसल्या चित्र पाहण्याच्या सोयीसाठी राउटरचे पोर्ट (इंटरनेटवरून आत येण्याची वाट) उघडे टाकू नये. एनव्हीआर आणि कॅमेऱ्यांचे घड्याळही जुळवून घ्यावे, कारण चोरीनंतर पहिला प्रश्न वेळेचाच येतो.

पुण्याच्या पावसात बाहेरच्या कॅमेऱ्यांचे जोड भिजून गंजतात. जोड जलरोधक डबीत बंद करावा आणि केबलला डबीच्या खाली थोडा झोळ ठेवावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी आत न शिरता झोळाच्या तळाशीच ठिबकून जाते.