परक्या देशात दाढ ठणकू लागली तर

नोकरीपायी माझे देश बदलत राहिले, आणि प्रत्येक ठिकाणी कुठला ना कुठला दात हटकून दुखला. त्यातून एक कळलं. बिल किती येणार हे देशावर अवलंबून असतं. दुखणार किती, हे मात्र डॉक्टरच्या हातावर आणि आपण किती उशिरा गेलो यावर ठरतं. म्हणून दोन्हींची तजवीज वेगवेगळी करावी लागते.

आधी पैशांचं बघू. ‘रूट कॅनॉलला किती?’ असं नुसतं विचारू नका. मिळालेल्या आकड्यात एक्स-रे धरलाय का, आत बसवायचा भराव धरलाय का, वरची कॅप धरलीय का, हे कळत नाही आणि शेवटी बिल फुगतं. खुर्चीत बसण्याआधी दातागणिक, कामागणिक खर्च लिहून मागा. अमेरिकेत प्रत्येक कामाला कोड असतो: दाढेचं रूट कॅनॉल डी3330, भराव डी2950, सिरॅमिकची कॅप डी2740. हे कोड हातात असले की विमा कंपनीला आणि दुसऱ्या दवाखान्याला फोनवरच दर विचारता येतो, तोंड उघडून दाखवावं लागत नाही.

अमेरिकेतला दातांचा विमा हा नावालाच विमा, असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक योजना वर्षाला 1,000 ते 2,000 डॉलरपर्यंतच पैसे देतात, आणि एका दाढेचं रूट कॅनॉल अधिक कॅप एवढ्यात ती मर्यादा संपते. साधारणपणे तपासणी पूर्ण, फिलिंग 80 टक्के आणि कॅप 50 टक्के अशी विभागणी असते. नवा विमा घेतला तर मोठ्या कामांसाठी कित्येक महिने थांबायला लावतात. यावर एक सरळ उपाय आहे. वर्षअखेरीला दाढ दुखली आणि डॉक्टर हरकत घेत नसेल, तर रूट कॅनॉल डिसेंबरात आणि कॅप जानेवारीत करा, म्हणजे दोन वर्षांच्या मर्यादा वापरता येतात. विमाच नसेल तर दंतवैद्यकीय महाविद्यालयात जा. विद्यार्थी काम करतात, वर शिक्षक तपासतात. वेळ भरपूर जातो, पण दर खूपच कमी असतो.

इंग्लंडमध्ये एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, दरांचे ठरलेले तीन टप्पे आहेत. एप्रिल 2025 मध्ये दर असे होते: पहिला टप्पा, तपासणी 27.40 पौंड; दुसरा, फिलिंग, रूट कॅनॉल, दात काढणे 75.30 पौंड; तिसरा, कॅप, ब्रिज, कवळी 326.70 पौंड. गंमत अशी, की दर दाताला नसून उपचाराच्या एका फेरीला असतो. एका फेरीत तीन फिलिंग झाली तरी दुसऱ्या टप्प्याचा दर एकदाच, आणि रूट कॅनॉलसोबत कॅपही त्याच फेरीत बसवली तर फक्त तिसऱ्या टप्प्याचा दर, बेरीज होत नाही. म्हणून सगळी दुखणी एकदमच सांगा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर वर्षभर हे फुकट असतं. खरी अडचण नवे पेशंट घेणारा एनएचएसचा डॉक्टर सापडण्याची. दाढ असह्य झाली असेल तर 111 ला फोन करून तातडीची वेळ मागा.

जर्मनीत गेल्या गेल्या बोनसची वही मागून घ्या. दरवर्षी तपासणी करून नोंद होत गेली तर कॅप किंवा ब्रिजला सरकारी विम्याकडून मिळणारा वाटा, प्रमाणित उपचाराच्या खर्चाच्या 60 टक्क्यांवरून पाच वर्षांनी 70 आणि दहा वर्षांनी 75 टक्के होतो. काही दुखत नसताना जाऊन यायचा कंटाळा येतो खरा, पण नोंद चुकवू नका.

जपानमध्ये विमा असेल तर बहुतेकांना 30 टक्केच भरावे लागतात. पण एक रूट कॅनॉल छोट्या छोट्या कित्येक भेटींत पुरं होतं. परतीचं तिकीट काढलेलं असेल तर हे पहिल्याच दिवशी सांगा.

आता दुखण्याचं. सुजलेल्या, पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, त्यामुळे भुलीचं औषध नीट लागू पडत नाही. खालची दाढ तर सगळ्यात हट्टी. तिथे जबड्याच्या मागच्या बाजूला मुख्य नसेजवळ इंजेक्शन देतात आणि ओठ जड होतो. ओठ जड झाला म्हणजे दाढ बधिर झाली असं मात्र नाही. ड्रिल लावण्याआधी डॉक्टरला सांगा, ‘दाढेला गार लावून बघा.’ कळ आली तर आणखी भूल हवी. दाढेशेजारी हिरडीत आर्टिकेन हे भुलीचं औषध किंवा थेट दाताच्या मुळाभोवती जादा इंजेक्शन देता येतं. हात वर केला की थांबायचं, हे आधी ठरवून घ्या. भाषा येत नसेल तिथे तर हा हातच कामाला येतो. इंजेक्शनआधी हिरडीला जेल लावायला आणि औषध सावकाश सोडायला सांगा. भरभर ढकललेलं औषधच जास्त झोंबतं. नंतर छाती धडधडली तर बहुधा औषधातल्या ॲड्रेनालिनमुळे, थोड्या वेळात थांबते. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर ते आधीच सांगा. अमेरिकेत भित्र्या पेशंटला नायट्रस ऑक्साइड हा भीती घालवणारा वायू हुंगायला देऊ करतात, पण त्याचं बिल बहुधा वेगळं लागतं, तेव्हा हो म्हणण्याआधी आकडा विचारा.

वेळ मिळेपर्यंत आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटॅमॉल एकत्र घेतल्यास दातदुखीवर चांगला उतार पडतो. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर आयब्युप्रोफेन डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. उरलेली अँटिबायोटिक्स तर अजिबात घेऊ नका, आतली नस सुजली असेल तर त्यांनी ठणका जात नाही. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर दातांच्या दवाखान्याची वाट न बघता थेट इस्पितळ गाठा.

स्वस्तात काम करून घ्यायला अमेरिकन लोक मेक्सिकोतल्या लॉस अल्गोदोनेसला जातात, ऑस्ट्रियाचे लोक हंगेरीतल्या मोशोनमाग्यारोवारला. फिलिंगसाठी प्रवासखर्च परवडत नाही. इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात स्क्रू रोवून बसवायच्या कृत्रिम दातासाठी, परवडू शकतो, पण स्क्रू हाडात रुजायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, म्हणजे दोन खेपा धराच.

देश बदलताना कागद सोबत हवेतच. दातांचे आकडेही सगळीकडे सारखे नसतात. खालची उजवी पहिली दाढ जर्मनीत 46, अमेरिकेत 30. अमेरिकेतला 14 म्हणजे वरची डावी पहिली दाढ, तर जर्मनीतला 14 म्हणजे वरची उजवी पहिली उपदाढ, म्हणजे सुळा आणि दाढ यांच्यामधला दात. चिठ्ठीवर आकड्यासोबत ‘खाली उजवीकडे’ असं शब्दांत लिहून घ्या. एक्स-रेची मूळ फाइल मागा, मोबाइलवर काढलेला फोटो पुरत नाही. इम्प्लांट बसवलं असेल तर त्याच्या पाकिटावरचं कंपनी, मॉडेल आणि मापाचं स्टिकरही घ्या. ते नसलं तर पुढच्या देशातला डॉक्टर सैल झालेला स्क्रू कोणत्या चावीने घट्ट करायचा, इथेच अडतो.