पॉकेट होलचा चपलांचा रॅक: स्क्रू चुकला की सांधा गेला

दाराबाहेरच्या दोन कप्प्यांच्या रॅकला १८ मिमी प्लाय घ्या, तीही बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणारी. मुंबईच्या पावसाळ्यात पॅसेजमध्ये ओल्या चपला ठेवायच्या, तिथे साधी एमआर (फक्त दमटपणा सोसणारी) प्लाय फुगते. दोन बाजू ३० × ४५ सेंमी आणि तीन फळ्या ३० × ६० सेंमी. दुकानातच मशीनवर कापून घ्या. हातकरवतीने काटकोन साधत नाही, आणि वाकडी कड कुठलाच स्क्रू सरळ करत नाही.

पॉकेट होल म्हणजे स्क्रूसाठी फळीच्या टोकाजवळ पाडलेलं तिरकं भोक. ही भोकं फळीच्या खालच्या अंगाला, म्हणजे दिसत नाहीत. प्रत्येक टोकाला तीन, त्यातली बाहेरची दोन कडेपासून ४-५ सेंमी आत. जिग (बिटला तिरकी दिशा देणारा साचा) आणि बिटवरची कॉलर (भोकाची खोली ठरवणारं कडं) दोन्ही १८-१९ मिमी जाडीच्या खुणेवर लावा. स्क्रू ३२ मिमी, जाड आट्यांचा, चपट्या वॉशर डोक्याचा. काळे जिप्सम स्क्रू स्वस्त पडतात, पण त्यांचं निमुळतं डोकं पाचरीसारखं घुसून प्लाय चिरतं. शिवाय दमट हवेत गंजतात. स्क्रू नेहमी बाजूच्या सपाट पृष्ठभागात जावा. प्लायच्या कडेत घातला की थर सुटतात.

स्क्रू तिरका, सुमारे १५ अंशांत शिरतो, त्यामुळे आवळताना फळी मिलिमीटरभर सरकते. म्हणून आधी फेव्हिकॉल, मग क्लॅम्प, आणि मगच स्क्रू. ड्रिलचा क्लच (ठराविक जोरानंतर फिरणं थांबवणारं कडं) कमी आकड्यावर ठेवा. डोकं टेकल्यावर आणखी फिरवलं तर आटे लाकूड कुरतडतात आणि स्क्रू नुसताच गरगर फिरतो. तसं झालंच, तर भोक थोडं सरकवून नवं पाडा.