एमजीबीच्या प्लग वायरी बदलताना

एमजीबी म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. काम करताना इंजिन गार असू द्या. वायरी ५: चार स्पार्क प्लगच्या, एक कॉइलची (ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज देणारी). सगळ्या एकदम उपटू नका. एक काढा, तेवढ्याच लांबीची नवी बसवा, मग पुढची. वायरीच्या टोकाचं टोपण धरून पिळत काढा, वायर ओढली तर आतली तार तुटते.

खरी मेख जुन्या ल्युकास २५डी४ डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाच्या), बाजूने वायर घेणाऱ्या कॅपमध्ये आहे. तिच्या आतले टोकदार स्क्रू वायरीत घुसून तांब्याला टेकतात. तिथे कार्बनची वायर घातली की संपर्क कच्चा राहतो, इंजिन मिसिंग करतं. तांब्याचीच घ्या, रेडिओ खरखरला तर रेझिस्टरवाली टोपणं लावा.

कॅपवर वायरींचा क्रम विसरलातच, तर सिलिंडर १-३-४-२ असे पेटतात. कॅपच्या आत फिरणारा रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरकडचा.