फुले हिरवी पडू लागली तर: परसबागेतील व्हायरेसन्स ओळखणे आणि आवरणे

पावसाळा ओसरल्यावर गोव्यातील परसात आणि ताळगाव, आगशीसारख्या गावांच्या मळ्यांत वांगी, मिरची अशा भाज्यांची लागवड सुरू होते. याच दिवसांत कुंपणाकडेच्या सदाफुलीची गुलाबी पाकळी हिरवी दिसू लागते, किंवा वांग्याच्या झाडावर फुलांऐवजी बारीक पानांचे झुबके येतात. अशा वेळी खत कमी पडले असे समजून युरिया टाकण्याकडे बहुतेकांचा कल असतो. त्याचा काहीही उपयोग होत नाही. जो भाग एरवी हिरवा नसतो, त्यात हरितद्रव्य तयार होऊन तो हिरवा होणे या विकृतीला वनस्पतिशास्त्रात व्हायरेसन्स म्हणतात, आणि बागेत तिचे सर्वांत चिंताजनक कारण फायटोप्लाझ्मा नावाचे अतिसूक्ष्म जिवाणू असतात.

मात्र हिरवे दिसले म्हणून झाड लगेच उपटू नये. प्रकाश मिळाल्यावर बटाटा हिरवा होतो आणि मातीबाहेर आलेला गाजराचा माथाही हिरवा पडतो. हा रोग नव्हे. (हिरवा बटाटा खाऊ नये, कारण त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते.) हायड्रेंजियाची फुले जुनी झाली की हिरवट होतात, आणि सावलीतील बोगनवेलीच्या रंगीत पर्णकांना नीट रंग चढत नाही. चिनी गुलाबाचा एक प्रकार तर एकोणिसाव्या शतकापासून केवळ हिरव्या फुलांसाठीच जोपासला जातो; त्याच्या पाकळ्यांच्या जागी निदलांसारखे भाग येतात, हा गुण आनुवंशिक आहे आणि त्यापासून शेजारच्या झाडाला कोणताही धोका नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: हे झाड गेल्या महिन्यापर्यंत नेहमीच्या रंगाची फुले देत होते का? उत्तर होकारार्थी असेल, तर पुढची तपासणी करावी.

तपासणीसाठी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. एकाच झाडाची तीन-चार फुले वेगवेगळ्या फांद्यांवरून घ्यावीत आणि निदल, पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर असे बाहेरून आत एकेक वर्तुळ उलगडून पाहावे. पाकळीचा आकार कायम असून रंग तेवढा हिरवा झाला असेल, तर ती विकृती व्हायरेसन्सपुरती आहे. पाकळीला पानासारख्या शिरा आणि पानाचा आकार आला असेल, तर ती पुढची पायरी असून तिला फायलोडी म्हणतात. तिळाच्या पिकात ती फार स्पष्ट दिसते: फुलाच्या जागी पानांचा गुच्छ येतो आणि बोंड धरतच नाही. वांग्यावर याच जातीच्या रोगाला पर्णगुच्छ किंवा बोकड्या म्हणतात. त्यात पाने अगदी लहान, पेरे आखूड आणि फळ नाही, अशी लक्षणे एकत्र येतात. ही जोडलक्षणे महत्त्वाची आहेत. पानांवर पांढरट लव आलेली जाई-जुई हे बहुधा कोळी नावाच्या अतिसूक्ष्म किडीचे काम असते, आणि पाने फक्त वरच्या बाजूला मुडपलेली मिरची बहुतेक वेळा फुलकिड्यांमुळे तशी होते.

हे घडते कसे, हे समजून घेतले की उपाय आपोआप सुचतात. फुलाचे सर्व भाग मुळात पानांचीच रूपांतरे आहेत, असे जर्मन कवी गटेने 1790 मध्ये मांडले होते. आज आपल्याला ठाऊक आहे की काही फायटोप्लाझ्मा असे प्रथिन सोडतात, जे फूल घडवणाऱ्या वनस्पती-प्रथिनांचा नाश करते, आणि मग फुलाचा भाग पुन्हा पानाच्या वळणावर जातो. हे जिवाणू अन्नरस वाहून नेणाऱ्या नलिकांत राहतात आणि त्यांना पेशीभित्तिका नसते. 1967 मध्ये जपानी संशोधकांनी ते दाखवून देईपर्यंत असे रोग विषाणूंमुळे होतात असेच मानले जात होते. झाडापासून झाडाकडे त्यांना नेतात ते तुडतुडे. रोगट झाडाचा रस शोषल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांनी तुडतुडा रोग पसरवू लागतो आणि मरेपर्यंत पसरवत राहतो.

म्हणून नुसती हिरवी फुले किंवा रोगट फांदी छाटून भागत नाही. जिवाणू नलिकांतून सर्व झाडात पोचलेले असतात. सकाळी लवकर, तुडतुडे सुस्त असताना, झाडावर अलगद मोठी पिशवी ओढावी, तिचे तोंड बुंध्याशी आवळावे आणि मगच झाड मुळासकट उपटावे. आधी झाड हलवले, तर तुडतुडे उडून शेजारच्या वाफ्यात जातात. पिशवी बंद ठेवून झाड पूर्ण वाळू द्यावे. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाने लक्षणे काही काळ दबतात, पण औषध थांबताच परत येतात. परसबागेत ते कधीही वापरू नये, असे माझे ठाम मत आहे.

झाड मौल्यवान असेल आणि खात्री हवी असेल, तर रोगट आणि निरोगी अशी देठासह पाने वेगवेगळ्या कागदात गुंडाळून तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात न्यावीत. जुने गोवे येथे किनारी शेतीवर संशोधन करणारी केंद्रीय संस्थाही आहे. पक्के निदान प्रयोगशाळेतील पीसीआर, म्हणजे जिवाणूंचा डीएनए शोधणाऱ्या, चाचणीनेच होते.

उरलेल्या झाडांसाठी रोपवाटिकेवर बारीक जाळी, वाफ्यात पिवळे चिकट सापळे आणि तुडतुडे दिसताच निंबोळी अर्क, हे पुरेसे आहे. वांग्याच्या पानाच्या खालच्या बाजूला तिरकी धावणारी हिरवट पिल्ले दिसली की ती तुडतुड्यांचीच समजावीत. बांधावरचे तण आणि आपोआप उगवलेली सदाफुली यांची पाहणी भाजीइतक्याच काळजीने करावी, कारण रोग बहुधा तिथेच टिकून असतो. रोगट झाडाची फांदी किंवा कलम कोणालाही देऊ नये. मातीत मात्र हे जिवाणू टिकत नाहीत. त्यामुळे त्याच वाफ्यात निरोगी रोप लावता येते, फक्त पुढचा महिना-दीड महिना दर आठवड्याला नव्या फुटी आणि कळ्या भिंगाखाली पाहाव्यात.