थंड समुद्रातला नवा जिवाणू ओळखताना या चुका टाळा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. जिवाणू वाढवायला लागणारा जेलीसारखा अगार वितळवून प्लेटमध्ये ओततो, तेव्हा तोही साधारण तेवढाच गरम असतो. अंटार्क्टिकाच्या पाण्यातून आलेल्या जिवाणूला दोन्ही सारखेच घातक. खरे शीतप्रेमी जिवाणू १५ अंशांपर्यंत उत्तम वाढतात, २० च्या वर बहुधा वाढतच नाहीत. त्यामुळे नमुना अगारात मिसळून ओतू नका, आधीच गार केलेल्या प्लेटवर पसरवा. ज्योतीतून काढलेला काचेचा स्प्रेडर पुरता निवू द्या. नळ्या, टिप्स, मीठपाणी, सगळं आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा.

पावसाळ्यात वेगळीच अडचण. जुलैतल्या एका दुपारी मी गार प्लेट टेबलावर उघडली आणि बघता बघता अगारावर दव धरलं. जिवाणूंच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन वसाहती, एक फिकट नारिंगी, एक पांढरी, ओघळून एकमेकींत मिसळल्या. शुद्ध वाण, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेले जिवाणू, मिळवायला पुन्हा तीन आठवडे गेले. तेव्हापासून मी बर्फाच्या ट्रेवर, एका वेळी एकच प्लेट उघडते.

तीन दिवसांत काही दिसलं नाही म्हणून प्लेट फेकणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. ४ अंशांवर तीन-चार आठवडे थांबावं लागतं. प्लेट सुकू नये म्हणून कडेनं पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणासारखी पट्टी) लावा. पेशी धुवायला डिस्टिल्ड वॉटर नको, काही सागरी पेशी त्यात फुटतात.

सर्वात महागात पडते ती १६एस आरआरएनए जनुकाची घाई; जिवाणू ओळखायला आधी हेच जनुक वाचतात. जनुक सुमारे १,५०० बेसचं, म्हणजे डीएनएच्या तेवढ्या अक्षरांचं. त्यातल्या ५०० बेसवर निकाल देऊ नका. डेटाबेसमध्ये वर आलेल्या पहिल्या नावावरही विसंबू नका, तुलना प्रमाण वाणाशीच करा, म्हणजे ज्यावरून त्या प्रजातीचं नाव ठरलं त्या वाणाशी. साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी असेल तर प्रजाती नवी असण्याची शक्यता दाट. पण जास्त आलं म्हणजे जुनीच, असं मुळीच नाही! व्हिब्रिओ आणि स्यूडोअल्टेरोमोनास या सागरी जिवाणूंच्या गटांमध्ये वेगवेगळ्या प्रजातींचं हे जनुक जवळजवळ सारखं असतं. तिथे पूर्ण जीनोमच, म्हणजे सगळा डीएनए, लागतो आणि दोन जीनोम संगणकावर दोन मापांनी ताडतात: सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य ९५-९६ टक्क्यांखाली आणि डिजिटल डीएनए संकरण ७० टक्क्यांखाली असेल, तरच नव्या प्रजातीचा दावा टिकतो.

ओळख पटवायला पेशीतल्या मेदाम्लांची तुलना करताना शेजारच्या प्रजातीचा प्रमाण वाण आपल्याच प्रयोगशाळेत, त्याच माध्यमावर, त्याच तापमानाला वाढवा. थंडीत पेशीपटलातली असंतृप्त मेदाम्लं वाढतात. एक वाण १० अंशांवर आणि दुसरा २५ वर वाढवला, तर दिसणारा फरक प्रजातीचा की तापमानाचा, हे कळणारच नाही.

आणि लेख लिहायला बसण्याआधी वाण दोन वेगळ्या देशांतल्या दोन जिवाणू-संग्रहांत जमा करा, उदाहरणार्थ पुण्यातल्या संग्रहात आणि जर्मनीच्या डीएसएमझेड या संग्रहात. तो तिथे उपलब्ध असल्याचा दाखला नसेल तर नावाला मान्यता मिळत नाही. एकच वाण एकाच फ्रीजरमध्ये ठेवून वर्षभर थांबू नका. गोठताना पेशी जपणाऱ्या ग्लिसरॉलमध्ये वाणाच्या कुप्या पहिल्याच आठवड्यात भरा आणि निम्म्या दुसऱ्या इमारतीतल्या उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा. उन्हाळ्यात वीज गेली की पहिला फटका फ्रीजरमधल्या कुप्यांनाच बसतो.