स्पॅनिशमध्ये दचकताना, चिडताना या चुका टाळा

क्रियापदं धड येत नाहीत आणि पोरं आधी 'खोदेर' शिकून येतात! मालिका बघून उचललेली अश्लील शिवी. माझा पहिला आक्षेप यालाच आहे.

माझा एक विद्यार्थी माद्रिदमध्ये एका आजीबाईंच्या घरी खोली घेऊन राहत होता. जेवताना त्याच्या हातून ग्लास निसटला आणि तोंडातून निघालं, 'ओस्त्या!' आजीबाईंनी चमचा खाली ठेवला आणि काही न बोलता काचा गोळा करू लागल्या. ओस्त्या म्हणजे चर्चमध्ये मिस्साच्या वेळी देतात तो पवित्र प्रसाद. मित्रांमध्ये तो शब्द सर्रास चालतो, पण रविवार न चुकवणाऱ्या बाईंपुढे नाही. आपण तरी आजोबांसमोर 'च्यायला' म्हणतो का?

यावर स्पॅनिश लोकांनीच तोडगा काढलाय. 'ओस्त्या' तोंडात येता येता 'ओस्त्रास' म्हणायचं, म्हणजे कालवं! 'खोदेर'चं 'खोलिन' होतं. 'मिएर्दा' म्हणजे विष्ठा, तिच्या जागी 'मिएरकोलेस', म्हणजे बुधवार. 'काहीतरीच काय!' म्हणायला मेक्सिकोत 'नो मामेस' अश्लील, 'नो मान्चेस' घरात चालतं. मी वर्गात आधी हे सौम्य शब्दच देते. मूळ शिव्या कळायला हव्यात, वापरायची घाई नको.

दुसरी चूक म्हणजे देशांची खिचडी. 'इखोले' हा 'अरे बापरे'सारखा उद्गार मेक्सिकोचा, 'खोलिन' स्पेनचा. एकाच वाक्यात दोन्ही आले की ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटतं.

'ओंब्रे' म्हणजे पुरुष, पण हा उद्गार स्पेनमध्ये बाईशी बोलतानाही निघतो. बिचकू नका.

लिहिताना वाक्याच्या सुरुवातीचं उलटं उद्गारचिन्ह गाळू नका. उलटं प्रश्नचिन्ह स्पॅनिश अकादमीने १७५४ मध्ये आणलं, उद्गारचिन्ह त्याच्या मागून आलं. मोबाईलवर आळस होतो, मान्य, पण परीक्षेत ते चालणार नाही.

'ओस्त्या' लिहिताना सुरुवातीला 'एच' असतो, तो उच्चारू नका. 'होस्तिया' ऐकलं की माझे कान दुखतात.

काहीच सुचलं नाही तर 'माद्रे मिआ' म्हणा. आश्चर्य, वैताग, भीती, सगळ्याला चालतं, आजीबाईंपुढेसुद्धा. माझ्या वहीत प्रत्येक नव्या उद्गारापुढे तीन गोष्टी असतात: कोण बोललं, कोणाशी, कुठल्या गावात. तिन्ही रकाने भरेपर्यंत तो शब्द मी तोंडात घेत नाही.